वास्तूचा वारस कोण?

जुन्या वास्तूंविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक तुतारीचा आणि दुसरा उसाशाचा. तुतारीच्या लेखनात किल्ला, वाडा, वेस, बारव ही सारी पराक्रमाची साक्षीदार असतात. कोणी बांधले, कोणी जिंकले, कोण कोणाला शरण गेले, एवढे सांगून झाले की लेखकाचे काम संपते. उसाशाच्या लेखनात तीच वास्तू पडझडीला आलेली असते. चौकात तण माजलेले असते, कोनाड्यात पणती नसते, आणि गेल्या दिवसांची आठवण काढून लेखक एस.टी. पकडून निघून जातो. दोन्ही प्रकारांत वाचनीय लेखन पुष्कळ झाले आहे आणि त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही प्रकारांत एक माणूस सहसा आढळत नाही. तो म्हणजे त्या वास्तूच्या भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी.

या शेजाऱ्याला वास्तूपासून काय मिळते आणि वास्तूपायी काय सोसावे लागते, हा प्रश्न आपल्या लेखनात क्वचितच विचारला जातो. तो विचारून पाहावा आणि त्या कसोटीवर काही वास्तू व त्यांविषयीचे काही लेखन घासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मोठ्या शहराची गोष्ट निराळी असते. पुण्यात शनिवारवाड्याचे दार महिनाभर बंद राहिले तर पाहुण्यांची निराशा होईल, पण पुणेकराचा दिवस त्यावाचून अडणार नाही. त्याला बागा आहेत, नाट्यगृहे आहेत, ग्रंथालये आहेत, आणि यांपैकी काही नको असेल तर पेठेतला कट्टा आहे. लहान गावाचे तसे नसते. वीस-तीस हजार वस्तीच्या गावात, चार माणसांनी पैसा न मोजता सावलीत बसावे अशी ऐसपैस जागा बहुधा एखादीच असते, आणि ती बहुधा जुनीच असते. देवळाचा सभामंडप, नदीचा घाट, गढीचे पटांगण, दर्ग्याचा ओटा, वेशीची देवडी. उन्हाळ्यातही न आटणारी विहीर कोणती म्हणून विचारले तर म्हातारी माणसे जुन्या बारवेकडेच बोट दाखवतात. स्वातंत्र्यानंतर शाळा, दवाखाना, तहसील कचेरी गावात आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी तिला पहिला आसरा मिळाला तोही एखाद्या वाड्यात किंवा गढीत.

म्हणजे लहान गावात जुनी वास्तू ही शोभेची वस्तू नसते, गावाच्या सार्वजनिक जीवनाचा निम्मा संसार असते. तिला कुलूप लागले तर हा निम्मा संसार कुलुपाआड जातो. ती ढासळत ठेवली तर विटांबरोबर गावाची बसायची-उठायची जागाही जाते. आणि ती नीट राखली तर, इतिहासाचे एक पानही न वाचलेल्या माणसाचा दिवस थोडा बरा जातो.

'जीवनमान' आणि 'जीवनाची गुणवत्ता' हे शब्द नियोजनाच्या अहवालांतून फार येतात आणि त्यांच्याखाली आकड्यांचे तक्ते असतात. घरगुती भाषेत त्यांचा अर्थ 'दिवस बरा जाणे' असा आहे. पाणी जवळ असावे, दुपारी सावली असावी, हाताला काम असावे, सायंकाळी बोलायला माणूस असावा, आणि परगावच्या पाहुण्याला आपले गाव दाखवताना मान खाली जाऊ नये. जुनी वास्तू यांतले काय देते आणि काय काढून घेते, एवढेच शेजाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

२

मराठी साहित्यात ही दृष्टी अजिबातच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले आणि १९९४ साली पुढच्या दोन भागांसह नाट्यत्रयीच्या रूपाने सलग सादर झाले. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा हा त्याचा विषय. उसाशाची वाट लेखकापुढे मोकळी होती. एलकुंचवारांनी ती न धरता वाड्याचा हिशेब मांडला. तात्याजी गेले, आता दिवसकार्याचा खर्च कोठून करावयाचा? दागिने कोणाच्या ताब्यात? मुंबईहून आलेल्या भावाचा वाटा कोणता? अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हलवणार कोण? वाडा मोठा असणे म्हणजे सारवावयाचे, झाडावयाचे आणि झाकावयाचेही मोठे असणे, हे त्या घरातल्या स्त्रियांना जितके कळते तितके पुरुषांना कळत नाही. शिकण्याची इच्छा असून शिकू न दिलेली प्रभा पाहिली म्हणजे चिरेबंदी प्रतिष्ठेची किंमत कोणी मोजली, हे निराळे सांगावे लागत नाही.

आमच्या समीक्षेने या नाटकाचे कौतुक मनापासून केले, पण बहुतेकदा वाडा हे सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे प्रतीक म्हणून. ते खरेच आहे. मात्र वाडा प्रतीक म्हणून वाचून झाला की वास्तू म्हणून वाचावयाचा राहून जातो. प्रतीकाचे छत गळत नाही. वाड्याचे गळते, आणि पावसाळ्यापूर्वी ते शाकारावयाचे की नाही हा प्रश्न माणसांचे स्वभाव घडवतो व बिघडवतो. एलकुंचवारांना हे ठाऊक आहे. समीक्षकांनी तिकडे कमी लक्ष दिले.

नाटकाची एक मर्यादाही येथे नोंदवावी लागते. हा वाडा कुटुंबाचा आहे, गाव बव्हंशी रंगमंचाबाहेरच राहते. कौटुंबिक नाटकाला ते शोभूनही दिसते. पण कुटुंब पांगल्यावर गावाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या त्या एवढ्या मोठ्या दगडविटांचे गावाने काय करावे, हा पुढचा प्रश्न मराठी लेखकाची अजून वाट पाहत आहे.

गो. नी. दांडेकरांची गडांवरची भक्ती सर्वश्रुत आहे. परंतु 'माचीवरला बुधा' या कादंबरीत त्यांनी राजमाचीचा इतिहास बाजूला ठेवला आणि मुंबई सोडून माचीवर परतलेल्या एका म्हाताऱ्याचे राहणे लिहिले. झोपडी, झाडे, जनावरे, पाणी, पाऊस. गड आहे, पण तो बुधाचा शेजारी म्हणून आहे. तुतारी न वाजवताही गडावर मोठी कृती लिहिता येते, याचे हे उदाहरण आहे.

३

आता पुस्तकांतून रस्त्यावर येऊ. भोपाळच्या उत्तरेला आमचे करोंद. मोठी कृषी उपज मंडी, धान्याचे ट्रॅक्टर, आणि दर वर्षी शेतांवर पुढे सरकणाऱ्या वसाहती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातली पुष्कळ मराठी कुटुंबे फायलींच्या पाठोपाठ इकडे आली. त्यांची तिसरी पिढी आता घरात मराठी आणि दारात हिंदी बोलते. सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या वाचकांना हा संसार नवा नाही.

करोंदच्या चौकातून बैरसियाच्या रस्त्याने निघाले की दहाएक किलोमीटरवर जगदीशपूर लागते. अठराव्या शतकाच्या आरंभी दोस्त मोहम्मद खानाने हे ठाणे राजपुतांकडून घेतले आणि त्याचे नाव इस्लामनगर ठेवले. भोपाळ शहराच्या आधी भोपाळच्या नबाबांचा कारभार येथून चालत असे. १८०६ ते १८१७ या काळात ते शिंद्यांच्या ताब्यात होते. पुढे ज्यांनी भोपाळात ताजुल मसाजिद बांधावयास घेतली त्या शाहजहान बेगम यांचा जन्म येथलाच, १८३८ सालचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य शासनाने गावाला पुन्हा जगदीशपूर हे नाव दिले.

महाराष्ट्रातून आलेले पाहुणे येथे एक प्रश्न हमखास विचारतात. "इथे आपले काय आहे?" त्यांना शिंद्यांची अकरा वर्षे सांगितली की बरे वाटते. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये येथून जवळच्या दोराहा येथे तह झाला, हे सांगितले की आणखी बरे वाटते. मग छायाचित्रे काढून मंडळी परततात. प्रश्न वाईट नाही. आपल्या पूर्वजांची पावले शोधावीशी वाटणे स्वाभाविकच आहे. पण 'आपले' या शब्दाचा एवढाच अर्थ धरला तर वास्तूशी आपला संबंध अकरा वर्षांचा ठरतो, आणि तिच्याभोवती पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्यांचा तर काहीच ठरत नाही. नावाविषयी झालेल्या चर्चेतही हेच घडले. गावाचे नाव काय असावे हा लोकांच्या भावनेचा खरा प्रश्न आहे, त्याची थट्टा करू नये. मात्र त्या चर्चेत दोन्ही बाजूंनी इतिहासच बोलत होता. गावात राहणाऱ्याच्या दिवसाविषयी फारसे कोणी बोलले नाही.

आणि या वास्तू तर दिवस बरा जावा म्हणूनच बांधलेल्या आहेत! चमन महाल लाल दगडाचा, त्याच्यापुढे बाग आणि कारंजी. जवळच गरम व थंड पाण्याची योजना केलेला हमाम. राणी महालाला भोवताली ओवऱ्या आणि मध्ये मोठा चौक. जाड भिंती, खोल सज्जे, वाहते पाणी, झाडांची सावली. माळव्याचा उन्हाळा सुसह्य व्हावा याची ही सारी विद्या आहे. ज्या विद्येने नबाबाची दुपार गार केली, ती तटाच्या आतल्या गावकऱ्याच्या दुपारीस उपयोगी पडावी, अशी कल्पना करावयास काय हरकत आहे?

शाळेची सहल जाऊन आल्यावर मुलांना निबंध लिहावयास सांगितला की पहिली दोन पाने सनावळ्यांनी भरतात. शेवटी कोणीतरी चुकूनमाकून लिहून जाते की आत शिरल्यावर एकदम गार वाटले. परीक्षेच्या दृष्टीने हे वाक्य अवांतर ठरते. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने सबंध निबंधात तेवढेच वाक्य वास्तूविषयी असते.

४

वास्तू शेजाऱ्याला काय देते, हा प्रश्न करोंदच्या दुसऱ्या अंगाला विचारला तर उत्तर काळीज हलवणारे येते. करोंदहून जुन्या शहराकडे येताना युनियन कार्बाइडचा कारखाना लागतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीनंतर तो बंद झाला आणि त्याचा सांगाडा गंजत उभा राहिला. ही देखील ऐतिहासिक वास्तूच आहे. येथे स्मारक व्हावे, नव्या पिढीला कळावे, अशी चर्चा पुष्कळदा झाली आणि ती रास्तही आहे. पण शेजारच्या वस्त्यांना या वास्तूने दिले ते दूषित भूजल. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला त्या वस्त्यांना पिण्याचे शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. आवारात साठवलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलून पिथमपूरला जावयास जानेवारी २०२५ उजाडला. चाळीस वर्षे! स्मारकाचा आराखडा करणाऱ्याने येथे आधी कशाची तरतूद करावी, हे त्या वस्त्यांतल्या कोणत्याही गृहिणीला विचारावे. ती पुतळ्याच्या आधी नळाचे नाव घेईल, आणि यात तिने मृतांचा अनादर केला असे कोणी म्हणू नये.

५

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या सीमेवर, बुऱ्हाणपुरात आहे. तेथला कुंडी भंडारा, ज्याला लोक खूनी भंडाराही म्हणतात, १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात तयार झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवून, केवळ उताराच्या बळावर ते शहरापर्यंत न्यावयाचे, आणि वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या ठेवावयाच्या, अशी ही योजना. मोट नाही, पंप नाही. तापी उशाशी असताना हा खटाटोप अशासाठी, की लष्करी ठाण्याला उघड्या नदीच्या पाण्याचा भरवसा धरवेना. शत्रू ते नासवू शकत होता. अशा आठ योजना शहराभोवती होत्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली काही नावे. काही नष्ट झाल्या, काहींत अजून पाणी वाहते. मार्च २०२४ मध्ये खूनी भंडाऱ्याचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला.

बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला सुंदर आहे आणि त्यातल्या हमामाच्या छतावरची चित्रे पाहावयास लोक दुरून येतात. पण शेजाऱ्याच्या कसोटीवर किल्ल्यापेक्षा भंडारा थोर ठरतो. तो दिसत नाही, त्याचे छायाचित्र चांगले येत नाही, त्याच्यावर कोणी पोवाडा रचला नाही. तरी चारशे वर्षांत मोगल शिपाई, बोहरा व्यापारी, गुजराती सराफ, मोमीन विणकर आणि मराठी कारकून यांच्या शहराला त्याने पाणी दिले. भंडाऱ्याने कोणाला जात किंवा भाषा विचारली नाही. मात्र त्याच्या डोक्यावरची जमीन कशी वापरावी, कोठे कूपनलिका खोदू नये, कोठे झाडे तोडू नयेत, हे शहराने ठरवावे लागते. न ठरवले तर बोगदा शाबूत राहूनही पाणी जाते. या वास्तूचे जतन म्हणजे दगडचुन्याची दुरुस्ती तर आहेच, त्याहून अधिक ते शेजारधर्माचे काम आहे.

बिदरच्या नौबाद भागातली बहमनी काळची कारेझ याच कुळातली. गाळ आणि कचऱ्याने भरून गेलेली ही जलवाहिनी गेल्या काही वर्षांत साफ करण्यात आली, तेव्हा आपल्या पायाखाली काय आहे हे पुष्कळ बिदरकरांना प्रथमच कळले. बिदर, भालकी, औराद या भागांतल्या मराठी घरांत बहमनींची कहाणी 'त्यांची' म्हणून सांगितली जाते. पाणी वर आले तर ते कोणाचे म्हणावयाचे?

६

येथे कोणी म्हणेल, सर्वच वास्तू पाणी देत नाहीत. रिकाम्या महालाने, ओसाड वाड्याने काय द्यावे? उत्तर महेश्वरात सापडते. अहिल्याबाईंच्या किल्ल्यातल्या एका जुन्या इमारतीत रेहवा सोसायटीचे हातमाग चालतात. रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या या संस्थेत गावातल्या स्त्रिया महेश्वरी साड्या विणतात. बुडत चाललेला धंदा त्यामुळे उभा राहिला आणि जुन्या भिंतींच्या आत रोज सकाळी मागांचा खटखटाट सुरू झाला. त्याच किल्ल्याच्या दुसऱ्या भागात हॉटेल आहे, त्याचे दर सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाहीत. घाट मात्र सर्वांचा आहे. तेथे कपडे धुतले जातात, मुले पोहतात, म्हातारी माणसे सायंकाळी पायऱ्यांवर बसतात. काम, कमाई आणि मोकळी जागा या तिन्ही गोष्टी एकाच वास्तूत शेजारी शेजारी नांदत असल्याने तेथले हॉटेल खुपत नाही.

भोपाळच्या सदर मंझिलची गोष्ट वेगळी झाली. शाहजहान बेगमांच्या काळातली, १८९८ सालची ही दरबाराची इमारत पुढे पुष्कळ वर्षे महापालिकेचे कार्यालय होती. तेव्हा ती मळली, तिच्यावर तारा लोंबल्या, कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगले. पण कर भरावयास आलेला कोणीही माणूस तिच्या कमानीखालून हक्काने जात असे. आता तिचे जतन मोठ्या निगुतीने झाले असून तेथे हॉटेल आहे. इमारत वाचली याचा आनंद आहे आणि ती वाचवण्यास पैसा लागतो हेही खरे. पण पूर्वी जो नागरिक म्हणून आत जात होता, तो आता गिऱ्हाईक होऊन आत जातो. भोपाळ मोठे आहे, त्याला हे परवडते. जवळच कुदसिया बेगमांचा १८२० सालचा गोहर महाल आहे, तेथे हस्तकलेची प्रदर्शने भरतात, आणि तळ्याचा काठ तर आहेच. एकच वाडा असलेल्या गावाने तेवढाच वाडा हॉटेलला दिला, तर गाव कोठे बसेल?

इटलीतल्या बोलोन्या शहराने १९७० च्या दशकाच्या आरंभी आपल्या जुन्या पेठा दुरुस्त करावयास घेतल्या, तेव्हा एक धोरण आखले. घरांबरोबर त्यांतले जुने भाडेकरूही तेथेच टिकले पाहिजेत. भिंती राखल्या आणि माणसे हाकलली, तर राखले काय, असा तो विचार होता. आपल्याकडे लहान गावांच्या योजना आखताना हे एवढेसे सूत्र पुरे आहे.

७

या विवेचनावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा, की वापराने वास्तू मरते. हे खोटे नाही. वाड्यात भरणाऱ्या शाळांनी भित्तिचित्रांवर चुना फासला आहे, कोरीव खांबांत खिळे ठोकले आहेत, चौकावर पत्रे घातले आहेत. पण कुलपाने वास्तू जगते असेही नाही. कुलूप लागलेल्या दारामागे पिंपळ वाढतो तो कोणाला दिसत नाही. रोज झाडले जाणारे घर पहिली भेग पडताच बोलते. तेव्हा प्रश्न वापर करावा की नाही असा नसून कोणता वापर, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, असा आहे. वाचनालय चालेल, धान्याचे गोदाम चालणार नाही. मुलींच्या अभ्यासाची खोली चालेल, लग्नाचे भटारखाने चालणार नाहीत. एवढा विवेक गावाला करता येतो.

दुसरा आक्षेप शेजाऱ्याचाच आहे. संरक्षित वास्तूच्या सान्निध्यात राहणे ही शिक्षा आहे, असे तो म्हणतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध केले आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. महानगरात १०० मीटर म्हणजे एक गल्ली असेल. लहान गावात ती अर्धी पेठ असते. मुलाचे लग्न झाले तरी वर खोली चढवता येत नाही, आणि राहत्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी आणावी लागते. त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. मात्र याच कायद्याने 'बांधकाम' या शब्दाच्या व्याख्येतून गटारे, सार्वजनिक शौचालये, पाणीपुरवठा आणि वीज यांची कामे वगळली आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ही व्याख्या पंचायतीने आणि नगरपालिकेने हाताशी ठेवावी. पुरातत्त्वाच्या नावाखाली गटार अडले आहे असे कोणी सांगू लागला, तर त्याला ती वाचून दाखवता येईल.

आक्षेपाचे मूळ मात्र शिल्लक राहतेच. वास्तूचा गौरव देशाचा, आणि तिची अडचण एका गल्लीची! जो भार सर्वांच्या वतीने थोडे लोक वाहतात, त्याची भरपाई सर्वांनी केली पाहिजे. ती रोख रकमेनेच करावी असे नाही. प्रवेशशुल्काचा काही भाग त्याच गल्लीच्या फरसबंदीला जावा. रखवालदार, माळी, मार्गदर्शक ही कामे आधी शेजाऱ्यांना मिळावीत. शेजारच्या मुलांना बागेत तिकिटावाचून जाता यावे. दुरुस्तीला लागणारे गवंडी गावातच चुन्याचे काम शिकून तयार व्हावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते.

८

शेवटी वारसाचा प्रश्न. सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या मराठी माणसाला हा प्रश्न फार जवळचा आहे. आपण दोन भाषांच्या गावात राहतो. तेथला किल्ला एकाने बांधला, दुसऱ्याने जिंकला, तिसऱ्याने मोडला. वंशावळीने वारस शोधू लागलो तर प्रत्येक वास्तू कोणाची तरी होते आणि इतरांना परकी होते. मग आमच्या गावचे 'आमचे' काय, या हिशेबात आपल्या हाती अकरा वर्षे उरतात. रोजच्या राहण्याने वारस शोधला तर हिशेब सोपा होतो. जो तिची सावली घेतो, तिचे पाणी पितो, तिच्या पडक्या भिंतीची भीती बाळगतो आणि तिच्यापायी घरावर मजला चढवत नाही, तो तिचा वारस. त्याची मातृभाषा कोणती, हा प्रश्न नंतरचा.

करोंद उत्तरेकडे वाढत आहे. भोपाळच्या मेट्रोच्या एका मार्गाचे टोक करोंदला यावयाचे ठरले आहे, आणि मेट्रोच्या मागोमाग भूखंडांच्या जाहिराती येतात हे सर्वांना ठाऊक आहे. बैरसियाच्या रस्त्यावरची शेते फार काळ शेते राहणार नाहीत. त्या नव्या वस्तीला बाग कोठून मिळणार, मोकळी जागा कोठून मिळणार? नव्या वसाहतींच्या नकाशांत ती हिरव्या रंगाने दाखवलेली असते आणि पुढे तेथे दुकाने होतात. जगदीशपूरची बाग तीनशे वर्षांपूर्वीच आखलेली आहे. तिच्याभोवती उंच कुंपण घालून ती सहलींपुरती ठेवावयाची, की भोवती येऊ घातलेल्या हजारो घरांची आणि आज तटाच्या आत राहणाऱ्या गावाची ती रोजची जागा होईल अशी आतापासून तजवीज करावयाची, याचा निर्णय थोड्या वर्षांत होऊन जाईल. कोणी मुद्दाम न घेतला तरी तो होऊन जाईल, आणि मग बदलता येणार नाही. असे निर्णय आपल्या प्रत्येक गावाच्या गढीपुढे, बारवेपुढे, घाटापुढे उभे आहेत.

लेखकांनी यात काय करावे? जे ते करू शकतात ते. शेजाऱ्याला लेखनात आणावे. पुढल्या वर्षीच्या अंकासाठी कोणी आपल्या गावच्या गढीवर लिहिणार असेल, तर त्याने बखर जरूर वाचावी, शिलालेखाचे ठसे जरूर घ्यावेत. पण लेख संपादकांकडे धाडण्यापूर्वी गढीला लागून असलेल्या पहिल्या घराचे दार वाजवावे, आणि पाणी कोठून भरता, असे विचारावे.